कोणते भांडण गवताखाली झाकायचे? महाविद्यालयात 'संघर्ष' शिकवताना विचारायचा पहिला प्रश्न

महाराष्ट्रातील महाविद्यालयांमध्ये नवे शैक्षणिक धोरण आता कागदावरून वर्गात आले आहे. कालपर्यंत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. असे सरळ रस्ते होते. आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हॅल्यू एज्युकेशन, फिल्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट अशी क्रेडिटची मांडणी आहे. प्रवेशाच्या वेळी मुले आणि पालक दोघेही गोंधळतात. पण या गोंधळात एक दार उघडले आहे. वाणिज्य शाखेच्या मुलीला समाजशास्त्राचा एखादा विषय घेता येतो, विज्ञानाच्या मुलाला इतिहासाचा. ज्या प्रश्नांना एका विषयाच्या चौकटीत उत्तर नाही, असे प्रश्न वर्गात आणण्याची ही संधी आहे.

अशा प्रश्नांपैकी एक म्हणजे 'संघर्ष आणि त्याचे निराकरण'. जगभरातील अनेक विद्यापीठांत हा स्वतंत्र अभ्यासविषय आहे. आपल्याकडे दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियामध्ये २००४ पासून नेल्सन मंडेला यांच्या नावाने शांतता व संघर्ष निराकरणाचे केंद्र चालते. महाराष्ट्रातही हा विषय दोन क्रेडिटच्या, म्हणजे साधारण तीस तासांच्या अभ्यासक्रमात बसू शकतो. प्रश्न एवढाच की त्या तीस तासांत शिकवायचे काय? 'रागावर ताबा ठेवा, समोरच्याचे ऐका, मध्यममार्ग काढा' एवढेच असेल, तर ते मुलाखतीच्या तयारीचे शिबिर झाले. आणि ज्यांच्या वस्तीवर दगड पडले त्यांच्याच मुलांना 'समजुतीने घ्या' असे शिकवायचे असेल, तर तो विषय नसलेलाच बरा.

या लेखाचे म्हणणे साधे आहे. संघर्षाचा अभ्यास अनेक विद्याशाखांनी मिळून करायला हवा, आणि त्या अभ्यासाने विद्यार्थ्याला एक गोष्ट नक्की शिकवायला हवी: कोणते भांडण मिटवायचे असते आणि कोणत्या भांडणाचा न्याय करायचा असतो.

हा विषय जन्मला कसा?

दुसऱ्या महायुद्धानंतर काही अभ्यासकांच्या लक्षात आले की युद्ध का होते याचे उत्तर एकट्या राज्यशास्त्राकडे नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात अर्थतज्ज्ञ केनेथ बोल्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये संघर्ष निराकरणावरचे नियतकालिक सुरू केले. १९५९ मध्ये नॉर्वेतील ओस्लो येथे योहान गाल्टुंग यांनी शांतता संशोधनाची संस्था उभी केली. गाल्टुंग मुळात गणित आणि समाजशास्त्र शिकलेले होते. १९७३ मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठात शांतता अभ्यासाचा स्वतंत्र विभाग निघाला. म्हणजे हा विषय पहिल्यापासून चार घरचे पाणी पिऊन वाढला.

गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये मांडलेला विचार आपल्या कामाचा आहे. मारहाण, जाळपोळ, खून ही डोळ्यांना दिसणारी हिंसा. पण समाजाची रचनाच अशी असेल की एखाद्या गटाची मुले उपाशी राहतात, शिकत नाहीत, आजाराने लवकर मरतात, आणि त्यात कोणाचाही हात थेट दिसत नाही, तर तीही हिंसाच आहे. तिला त्यांनी रचनात्मक हिंसा म्हटले. म्हणून शांतताही दोन प्रकारची. दंगल थांबली ही एक शांतता. दंगल ज्या अन्यायातून उठली तो अन्याय संपला ही दुसरी. पहिली पोलीस बंदोबस्ताने मिळते. दुसरीसाठी समाज बदलावा लागतो.

आंबेडकरी विचारात वाढलेल्या वाचकाला यात नवे काय असे वाटेल, आणि ते बरोबरच आहे.

एका प्रश्नासाठी पाच विद्याशाखा

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. पण त्यांनी समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र यांचेही अभ्यासक्रम घेतले. ९ मे १९१६ रोजी जातिव्यवस्थेवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध वाचला गेला तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. पुढे लंडनला अर्थशास्त्र आणि कायदा झाला. आजच्या भाषेत बोलायचे तर मेजर एक आणि बाकीच्या सगळ्या टोपल्या भरलेल्या! पण ते क्रेडिट गोळा करत नव्हते. जात नावाचा संघर्ष समजून घ्यायला एक शास्त्र पुरत नव्हते, म्हणून ते एकेका शास्त्राच्या दाराशी गेले.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जी मांडणी केली, ती तर संघर्ष-अभ्यासाच्या वर्गात पहिल्या दिवशी ठेवावी अशी आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होतो. शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव येतो. सिद्धार्थ विरोध करतो, पण नुसता विरोध करत नाही, पर्याय देतो: दोन माणसे शाक्यांनी निवडावीत, दोन कोलियांनी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी निवाडा करावा. मतदान होते. सिद्धार्थाची सूचना मोठ्या बहुमताने फेटाळली जाते. युद्धात सामील व्हायला नकार दिल्याबद्दल त्याच्यावर, त्याच्या कुटुंबावर शिक्षेचे सावट येते आणि तो परिव्राजक होऊन देश सोडतो.

एवढ्या प्रसंगात किती विषय आहेत पाहा. पाणीवाटप हा भूगोल आणि अर्थशास्त्राचा प्रश्न. पाच जणांचा लवाद हा कायद्याचा. बहुमत चुकीचे असेल तर एकट्याने काय करावे हा राज्यशास्त्र आणि नीतिशास्त्राचा. आणि बाबासाहेबांची मांडणी इथे थांबत नाही. पुढे शाक्य-कोलियांत समेट झाल्याची बातमी येते. मग घरी परतायचे का? सिद्धार्थ विचार करतो की राष्ट्राराष्ट्रांतली युद्धे अधूनमधून होतात, पण वर्गावर्गातला संघर्ष अखंड चालतो आणि जगातल्या दुःखाचे मूळ तिथे आहे. त्याचे उत्तर सापडलेले नाही. म्हणून तो परतत नाही.

हे पुस्तक १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. गाल्टुंग यांची मांडणी त्यानंतर बारा वर्षांनी आली. कोणी कोणाकडून घेतले असा दावा इथे नाही. पण महाराष्ट्रातील महाविद्यालयात हा विषय शिकवताना ओस्लोपासून सुरुवात करण्याची गरज नाही, एवढे नक्की.

कौशांबीचा धडा

विनयपिटकात भांडण मिटवण्याचे सात मार्ग सांगितले आहेत. त्यांना अधिकरणसमथ म्हणतात. दोन्ही पक्ष, संघ आणि नियम समोर ठेवून निवाडा करणे हा सम्मुखाविनय. मतमोजणीने निर्णय घेणे ही येभुय्यसिका. चूक करणाऱ्याने स्वतः कबुली दिल्यावर त्यानुसार कारवाई करणे हे पटिञ्ञातकरण. असे एकेक करत सातवा येतो तो तिणवत्थारक, म्हणजे गवताने झाकणे. भांडण एवढे चिघळले, दोन्हीकडून एवढे बरेवाईट बोलले-केले गेले, की एकेक गोष्ट उकरत बसल्यास संघच फुटेल, अशा वेळी दोन्ही बाजूंनी एकत्र येऊन सगळ्यावर गवत टाकायचे आणि पुढे जायचे.

फार शहाणपणाचा मार्ग आहे हा. घरातली, मंडळातली, विहाराच्या समितीतली किती भांडणे याने मिटली असती! पण त्याच नियमात एक अट आहे. गंभीर अपराध गवताखाली जात नाहीत, आणि गृहस्थांशी संबंधित, म्हणजे संघाबाहेरच्या माणसाचे ज्यात नुकसान वा अपमान झाला, ती प्रकरणेही जात नाहीत. आपसातले हेवेदावे आपसात सोडा. दुसऱ्यावर झालेला अन्याय तुम्हाला परस्पर सोडून देता येणार नाही.

दुसरा दाखला कौशांबीचा. तिथे भिक्षूंचे भांडण सुरू झाले ते भांड्यात उरलेल्या पाण्यासारख्या क्षुल्लक गोष्टीवरून. संघात फूट पडली. तथागतांनी समजावूनही भिक्षू ऐकेनात, तेव्हा ते अरण्यात निघून गेले. शेवटी कौशांबीच्या उपासकांनी भिक्षूंना मान आणि दान देणे थांबवले, तेव्हा भांडणारे ठिकाणावर आले. या प्रकरणाच्या शेवटी उपाली विचारतात की मूळ गोष्टीचा निर्णय न करता, मुळापर्यंत न जाता संघाने जी एकी केली, ती धम्माला धरून आहे का? तथागतांचे उत्तर 'नाही' असे आहे.

संघर्ष निराकरणाच्या कुठल्याही अभ्यासक्रमाची कसोटी या एका प्रश्नोत्तरात आहे.

कायदाही तेच सांगतो

आपला फौजदारी कायदा हाच भेद वेगळ्या शब्दांत करतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३२० होते) कोणते गुन्हे आपसात मिटवता येतात याची यादी आहे. काही फिर्यादीच्या मर्जीने, काही न्यायालयाच्या परवानगीने. जे यादीत नाहीत ते मिटवता येत नाहीत. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे गुन्हे या यादीत नाहीत.

आता महाराष्ट्र शासनाची एक योजना आठवा. १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावात समिती, तंट्यांची नोंद, सामोपचाराने मिटवामिटवी आणि चांगल्या कामगिरीला बक्षीस. बांधाचे वाद, भाऊबंदकी, कोर्टात पिढ्यान्‌पिढ्या रखडणारे दावे यांसाठी ही कल्पना चांगलीच आहे. गरिबाचे वकिलाचे पैसे वाचतात. पण जिथे बक्षीस 'तंटा नाही' याला आहे, तिथे तंटा नोंदवणारा माणूस गावाच्या वाटेतला काटा ठरू शकतो. ज्याची तीन घरे आहेत आणि समोर तीनशे घरे आहेत, त्याला 'गावाच्या भल्यासाठी मिटवून घे' असे चावडीवर सांगितले जाते, तेव्हा ती विनंती असते की दटावणी? हा प्रश्न विचारायला शिकवते ते शिक्षण.

भांडणाला नाव काय दिले यावरही त्याचा शेवट ठरतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांना ठार मारण्यात आले. मागे शेतातल्या रस्त्याचा वाद होता. तो खराच होता. पण तेवढाच होता का? २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, मात्र अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा सिद्ध झाल्याचे मानले नाही, आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयातही ते बदलले नाही. जमिनीचा वाद आणि जातीचा वाद यांत सीमारेषा कुठे असते, एकाचे कपडे दुसरा कधी घालतो, हे कायद्याचा विद्यार्थी एकटा सांगू शकणार नाही. त्याच्या शेजारी समाजशास्त्राचा आणि शेतीच्या अर्थशास्त्राचा विद्यार्थी बसला पाहिजे.

नामांतर: घरचाच अभ्यासक्रम

अनेक विद्याशाखांनी एक संघर्ष कसा पाहावा याचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जायला नको. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा हा विद्यापीठाबद्दलचाच होता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला. त्याच दिवसापासून मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जळाली, माणसे मारली गेली, कुटुंबे गाव सोडून शहरांकडे पळाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांचे नाव आजही घरोघरी घेतले जाते. ठराव मात्र थांबला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. मधे साडेपंधरा वर्षे गेली.

दर १४ जानेवारीला आपण विद्यापीठाच्या गेटवर जातो, अभिवादन करतो. ते करावेच. पण त्याच विद्यापीठाच्या आणि नांदेडच्या विद्यापीठाच्या महाविद्यालयांत हा लढा विषय म्हणून शिकवला तर काय काय पाहता येईल?

इतिहासाचा विद्यार्थी सांगेल की मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. महाराष्ट्राशी तो नंतर जोडला गेला. २३ ऑगस्ट १९५८ ला स्थापन झालेले विद्यापीठ ही या भागाची मोठी मिळकत होती. विरोध करणाऱ्यांनी 'मराठवाड्याची अस्मिता' हा शब्द का वापरला, आणि तो किती खरा, किती सोयीचा, हे तपासायला हा इतिहास लागतो.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी शिक्षण आणि नोकऱ्यांकडे पाहील. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढले आणि गावकुसाबाहेरच्या घरांतून पहिले पदवीधर निघू लागले. दुसरीकडे या भागात उद्योग नाहीत, नोकऱ्या तुटपुंज्या. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थीच पुढे होते. थोड्या जागांसाठी मोठी रांग असली की रांगेत नव्याने आलेल्या माणसाचा राग कसा केला जातो, हे अर्थशास्त्राने समजते.

समाजशास्त्र गावात जाईल. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले. मेलेली जनावरे ओढणे, वेठीची कामे करणे लोकांनी नाकारले होते. हल्ले विद्यापीठाच्या आवारात नव्हे तर गावांत का झाले? ज्याने विद्यापीठ कधी पाहिले नाही त्याला त्याच्या नावाचा एवढा राग कसा आला? उत्तर विद्यापीठाच्या पाटीवर मिळणार नाही. ते गावातल्या बदललेल्या नात्यांमध्ये मिळेल.

मानसशास्त्राकडे गॉर्डन ऑलपोर्ट यांचे १९५४ मधले सूत्र आहे: दोन गट नुसते जवळ आले म्हणून पूर्वग्रह जात नाहीत. दर्जा समान असेल, उद्दिष्ट एक असेल, सहकार्य असेल आणि वरच्या यंत्रणेचा पाठिंबा असेल, तर जातात. गावगाड्यात शेकडो वर्षांची जवळीक होती, समान दर्जा नव्हता. 'आमच्या गावात सगळे गुण्यागोविंदाने राहत होते' या वाक्याचा अर्थ इथे उलगडतो.

राज्यशास्त्र आणि कायदा विचारतील की दोन्ही सभागृहांनी एकमताच्या वातावरणात केलेला ठराव अमलात का आला नाही. सरकार हिंसेला घाबरून थांबते, तेव्हा हिंसा करणाऱ्याला काय संदेश जातो?

आणि भाषेचा विद्यार्थी दोन शब्दांकडे बोट दाखवेल. पहिला, 'दंगल'. दंगल म्हटले की दोन बाजू आल्या. एका बाजूची घरे जळाली असतील तर तिला दंगल म्हणायचे की हल्ला? दुसरा, 'नामविस्तार'. नामांतर मागितले होते, नामविस्तार मिळाला. वाटाघाटीच्या अभ्यासकाला हा नमुनेदार तोडगा वाटेल: बाबासाहेबांचे नाव आले आणि मराठवाडा हे नावही राहिले. कोणाचे काही गेले नाही. मग हाच तोडगा १९७८ मध्ये का सुचला नाही? आणि पाटी बदलली त्या दिवशी, सोळा वर्षांपूर्वी उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांच्या हिशेबाचे काय झाले? नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला आत्मदहन करणाऱ्या गौतम वाघमारे यांच्यासारख्यांची किंमत कोणत्या खात्यात धरायची? नाव हा वाद मिटवण्याजोगा होता. जाळपोळ आणि खून हे गवताखाली घालण्याजोगे नव्हते. एकाच लढ्यात दोन्ही प्रकार होते आणि आपण बहुतेक वेळा पहिल्याबद्दलच बोलतो.

यासाठी साधने आहेत. अत्याचारविरोधी समितीचा १९७९ मधला अहवाल आहे, आत्मकथने आहेत, वृत्तपत्रांच्या फायली आहेत. आणि मुख्य म्हणजे ती पिढी अजून आहे. जे १९७८ मध्ये वीस वर्षांचे होते ते आता सत्तरीत आहेत. फिल्ड प्रोजेक्टच्या क्रेडिटसाठी मुलांना कुठल्यातरी कंपनीचे प्रमाणपत्र आणायला लावण्यापेक्षा या आजी-आजोबांच्या मुलाखती घ्यायला पाठवा. आणखी दहा वर्षांनी ही संधी राहणार नाही.

वाटाघाटीच्या टेबलावरची उंची

संघर्ष निराकरणाच्या पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत वाटाघाटींवर मोठा भर असतो. रॉजर फिशर आणि विल्यम यूरी यांच्या १९८१ च्या पुस्तकाने हे तंत्र जगभर नेले. समोरच्याची भूमिका काय यापेक्षा गरज काय ते पाहा, आणि बोलणी फिसकटली तर आपल्यापाशी दुसरा रस्ता कोणता हे आधी ठरवून जा, असा त्यांचा सल्ला आहे. पाणीवाटपासारख्या वादात तो उपयोगी पडतो. जायकवाडीच्या पाण्यावरून नाशिक-अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यात जो वाद होतो, तो आजच्या काळातला रोहिणीचाच वाद आहे. तिथे अभियंता, शेतकरी, वकील एकत्र बसून मार्ग निघू शकतो.

पण हेच तंत्र पुणे कराराला लावून पाहा. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींचे उपोषण सुरू होते. जातीय निवाड्याने दलितांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. २४ सप्टेंबरच्या करारात जागा १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. आकडे वाढले, मग करार फायद्याचा का? बोलणी फिसकटली असती तर बाबासाहेबांपुढे दुसरा रस्ता कोणता होता? गांधीजींच्या प्राणाचे बरेवाईट झाले असते तर देशभरच्या खेड्यांतील अस्पृश्यांवर काय कोसळले असते? एका पक्षाच्या मानेवर असे ओझे असते, तेव्हा टेबल गोल असले तरी खुर्च्यांची उंची सारखी नसते. हे न सांगता वाटाघाटी शिकवणे म्हणजे वजनकाटा न तपासता भाव शिकवणे.

आणि कधीकधी संघर्ष मिटवायचा नसतो, उभा करायचा असतो. २० मार्च १९२७ पूर्वी महाडमध्ये वरवर शांतताच होती. १९२३ चा बोले ठराव होता, नगरपालिकेचाही ठराव होता, पण तळ्यावर कोणी जात नव्हते आणि म्हणून भांडणही नव्हते. बाबासाहेबांनी ते भांडण उजेडात आणले. नंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला तेव्हा त्यांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही. डिसेंबरमध्ये न्यायालयाचा मनाई हुकूम आला तेव्हा त्यांनी तळ्यावर जाणे थांबवले आणि खटला लढवला. निकाल १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात बाजूने लागला. शांतता मोडणारा माणूस हिंसक असतोच असे नाही, हे शिकायला महाडइतका चांगला धडा दुसरा नाही.

महाविद्यालयाने आधी आरशात पाहावे

बाहेरचे संघर्ष शिकवणाऱ्या महाविद्यालयाने स्वतःच्या आवारात काय चालते हेही पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समता विनियमांनुसार समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा. २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठ पातळीवर लोकपाल असायला हवा. आपल्या मुलामुलींनी एक साधा प्रयोग करावा: आपल्या महाविद्यालयात हा अधिकारी कोण, समिती कधी भेटते, अर्ज कोणाकडे द्यायचा, हे वर्गातल्या दहा जणांना विचारावे. उत्तर काय येते यावरून पुष्कळ कळेल. रोहित वेमुला (२०१६) आणि पायल तडवी (२०१९) यांच्यानंतर त्यांच्या मातांना सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, ते याच यंत्रणा जिवंत व्हाव्यात म्हणून.

बाहेरचे जग फार दूर नसते. परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, धरपकड झाली. अटकेतला सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. तो कायद्याचा विद्यार्थी होता. त्याच्या आईने लढून जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाकडून गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळवला. शहरात 'शांतता राखा' असे आवाहन करणारी सभा आणि एका आईची याचिका, या दोन्ही संघर्ष निराकरणाच्याच कृती आहेत. पण पहिलीमुळे रस्ता मोकळा होतो आणि दुसरीमुळे प्रश्नाच्या मुळाकडे जाता येते. विद्यार्थ्याला हा फरक सांगता आला पाहिजे.

मागणी काय करावी?

आपल्या समाजातील प्राध्यापक, अभ्यास मंडळांवरील सदस्य, संस्थाचालक आणि विद्यार्थी संघटना यांनी काही गोष्टी धरून ठेवाव्यात.

पहिली, हा विषय ओपन इलेक्टिव्ह म्हणून सर्व शाखांना खुला ठेवावा आणि निदान दोन विभागांच्या प्राध्यापकांनी मिळून शिकवावा. एकट्याने शिकवला की तो एकाच शास्त्राचा होतो.

दुसरी, प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातला एक खरा संघर्ष घ्यावा. पाण्याचा, गायरान जमिनीचा, स्मशानभूमीच्या वाटेचा, मिरवणुकीच्या मार्गाचा. दोन्ही बाजूंच्या लोकांशी बोलावे. आपल्या बाजूच्या लोकांशी बोलणे सोपे असते. समोरच्या बाजूच्या घरी जाऊन त्याची भीती, त्याची अडचण लिहून आणणे अवघड. बौद्ध विद्यार्थ्यानेही ते करावे. समोरच्याला समजून घेतल्याने आपला न्यायाचा दावा कमी होत नाही.

तिसरी, अभ्यासक्रमात महाड, पुणे करार, नामांतर हे 'एका समाजाचे विषय' म्हणून नव्हे, तर सर्वांच्या विषयाची उदाहरणे म्हणून असावेत. नामांतराचा धडा त्या वेळी विरोधात असलेल्या घरांतल्या नातवंडांनीही वाचला, तरच तो शिकवण्याचा उपयोग.

चौथी, इंडियन नॉलेज सिस्टीम नावाच्या टोपलीत विनयपिटकातील अधिकरणसमथांना जागा मागावी. या भूमीतली तंटे सोडवण्याची ही जुनी, लिखित, तपशीलवार पद्धत आहे. भारतीय ज्ञानपरंपरा म्हणताना पाली परंपरा वगळली जाणार असेल, तर तो प्रश्न अभ्यास मंडळाच्या बैठकीत, लेखी स्वरूपात, विचारलाच पाहिजे.

परीक्षेत शेवटचा प्रश्न एकच ठेवावा. विद्यार्थ्याने अभ्यासलेल्या संघर्षाबद्दल सांगावे: यातले काय गवताखाली झाकता येईल, काय येणार नाही, आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? ज्याच्यावर अन्याय झाला त्याला वगळून हे ठरत असेल, तर उपालींना मिळालेले उत्तर तिथेही लागू आहे.